यहोशवाच्या यादीतले एकतीस कनानी राजे: ते कोण होते, आणि याबीन दोनदा कसा येतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: बायबलच्या जुन्या करारात इस्राएलाचा पुढारी यहोशवा याच्या नावाचे पुस्तक आहे. त्याच्या १२व्या अध्यायात यार्देनेच्या पश्चिमेकडच्या ३१ राजांना मारल्याची यादी आहे. मग शास्ते या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात त्यांतल्या काही गावांत कनानी लोक तसेच राहिलेले कसे दिसतात? हासोरचा राजा याबीन यहोशवाच्या हातून मरतो आणि पुढे शास्ते ४ मध्ये, संदेष्टी दबोरा हिच्या काळात, पुन्हा उभा राहतो, तो कसा? आणि एवढ्याशा देशात ३१ राजे मावले तरी कसे?

जुना करार आणि त्यामागचा इतिहास मी बरीच वर्षे शिकवते आहे. हे तिन्ही प्रश्न वर्गात दर वेळी येतात. शेवटचा आधी घेते, कारण तो सुटला की बाकीचे दोन निम्मे सुटतात.

'राजा' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठे राज्य, दरबार, सैन्य येते. कनानी राजा तसा नव्हता. तट असलेले एक शहर, भोवतालची शेती, आसपासची पाच-पंचवीस खेडी, एवढीच त्याची सत्ता. यरुशलेम ते हेब्रोन जेमतेम ३० किलोमीटर, आणि दोन्हीकडे वेगळा राजा. शिवाय हे राजे स्वतंत्रही नव्हते. इ.स.पू. १४५७च्या सुमारास इजिप्तच्या तिसऱ्या थुटमोसने मगिद्दोला कनानी आणि सिरियाई राजांच्या जुटीचा पराभव केला, आणि त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे कनानवर इजिप्तचा अंमल राहिला. त्या लढाईत त्याच्यासमोर ३३० राजे उभे होते असे इजिप्तचा शिलालेख सांगतो. ३३० पुढे ३१ काहीच नाहीत. आपल्याकडे इंग्रजी अमलात सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड ही संस्थाने एकमेकांना खेटून होती. प्रत्येकाला आपला राजा, आपली गादी, आपले मानपान, आणि डोक्यावर इंग्रज सरकार. कनानचे चित्र बरेचसे तसेच होते.

हे राजे कसे बोलत, कशाला घाबरत, कोणाशी भांडत, हे आज आपण त्यांच्याच शब्दांत वाचू शकतो. १८८७ मध्ये इजिप्तमध्ये अमार्ना इथे मातीच्या पाट्या सापडल्या. सुमारे ३८० पाट्या आज माहीत आहेत आणि त्यांतली बहुतेक पत्रे आहेत. काळ इ.स.पू. चौदाव्या शतकाचा मध्य, म्हणजे इस्राएल कनानात दिसू लागण्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधीचा. त्यांतली पुष्कळशी कनानच्या शहरांतून फारोला, म्हणजे इजिप्तच्या राजाला, गेलेली आहेत आणि पाठवणाऱ्यांची गावे यहोशवा वाचणाऱ्याच्या ओळखीची आहेत: यरुशलेम, गेजेर, लाखीश, मगिद्दो, अक्षाफ, हासोर, शखेम.

यरुशलेमच्या अब्दी-हेबाची पत्रे मी वर्गात मुद्दाम वाचून दाखवते. 'सात वेळा आणि सात वेळा मी धन्याच्या पाया पडतो' अशी सुरुवात. मग तो सांगतो की ही गादी मला ना आईने दिली ना बापाने, राजाच्या बलवान हाताने मला इथे बसवले. मग तक्रारी: गेजेर, अष्कलोन आणि लाखीश यांनी शत्रूला अन्न आणि तेल पुरवले, इजिप्तच्या न्युबियन शिपायांनी माझ्याच घरात माझा जीव घ्यायची वेळ आणली. आणि एका पत्रात मागणी किती? देश राखायला ५० माणसे पाठवा! पत्राच्या शेवटी तो फारोच्या लेखनिकासाठी वेगळा मजकूर जोडतो, की बाबा, माझे म्हणणे राजाला चांगल्या शब्दांत वाचून दाखव. यरुशलेमच्या राजाची खरी ताकद किती होती, हे त्या ५० माणसांच्या मागणीवरून आणि लेखनिकाला केलेल्या विनवणीवरून कळते. शखेमचा लबायू मात्र वाकणारा नव्हता. तो फारोलाच लिहितो की मुंगीला डिवचले तर मुंगीसुद्धा मारणाऱ्याचा हात चावते.

आता यहोशवाचा १०वा अध्याय उघडा. यरुशलेमचा अदोनीसदेक हेब्रोनच्या होहामाला, यर्मूथच्या पिरामाला, लाखीशच्या याफीयाला आणि एग्लोनच्या दबीराला निरोप पाठवतो. पाच राजे एकत्र येतात. आणि चाल कोणावर करतात? इस्राएलावर नव्हे, गिबोनावर. गिबोनाने इस्राएलाशी परस्पर तह केला, म्हणून शेजारच्या राजांनी त्याला धडा शिकवायचे ठरवले. अमार्नाच्या पत्रांतले राजकारण अगदी याच चालीचे आहे. शुवर्दाता नावाचा एक राजा एका पत्रात अब्दी-हेबावर आगपाखड करतो, आणि दुसऱ्या पत्रात दोघे मिळून हापिरू टोळ्यांशी लढताना दिसतात. त्या लढाईत अक्को आणि अक्षाफचे राजे ५० रथ घेऊन मदतीला धावले असे तो लिहितो. हेच अक्षाफ यहोशवाच्या ११व्या अध्यायात याबीनाच्या जुटीत आहे. म्हणजे पाच शहरांनी घाईने एकत्र यावे, एकाने पुढाकार घ्यावा आणि काम फसले की जूट मोडावी, ही या देशाची रीतच होती. (हापिरू म्हणजेच इब्री, म्हणजे हिब्रू लोक, असे काही जण ठामपणे लिहितात. तसे धरून चालू नये. हापिरू हा शब्द सिरियापासून मेसोपोटेमियापर्यंत घरदार सोडून भटकणाऱ्या, भाडोत्री लढणाऱ्या लोकांसाठी वापरलेला आहे. त्यांत पुढे इस्राएलात मिसळलेले काही असतीलही.)

गिबोनाबद्दल एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. १०:२ मध्ये गिबोन 'राजधानीच्या नगरासारखे मोठे' असल्याचे म्हटले आहे, पण त्याच्या राजाचे नाव कुठेच नाही. ९व्या अध्यायात बोलणी कोण करते? वडील मंडळी आणि नगरवासी. ज्या एका मोठ्या कनानी नगराला राजा नाही, तेच तह करते आणि तेच वाचते. लेखकाने हे जाणूनबुजून केले असावे असे मला वाटते. यहोशवाच्या पुस्तकात विरोध नेहमी राजाकडून सुरू होतो. ९:१, १०:१ आणि ११:१ पाहा: प्रत्येक वेळी 'राजाने ऐकले' किंवा 'राजांनी ऐकले' अशी सुरुवात आणि लगेच लढाईची जुळवाजुळव. हेरांना लपवणाऱ्या यरीहोच्या राहाबेनेही ऐकले आणि गिबोनकरांनीही ऐकले, पण ते वेगळे वागले.

पुढची कथा तुम्हाला माहीत आहे. गिलगालाहून रातोरात चढाई, गारांचा मारा, गिबोनावर थांबलेला सूर्य आणि अयालोनाच्या खोऱ्यावर थांबलेला चंद्र. पाचही राजे मक्केदाच्या गुहेत लपतात, तोंडाशी धोंडे लोटून त्यांना कोंडले जाते. मग त्यांना बाहेर काढून सरदारांना त्यांच्या मानेवर पाय द्यायला लावतात. शत्रूला पायाखाली दाबल्याची अशी चित्रे इजिप्तच्या राजेशाही कोरीवकामात ठिकठिकाणी आहेत. जे राजे फारोच्या पायाशी सात आणि सात वेळा लोटांगण घालत होते, त्यांच्या मानेवर इथे शेतकरी-धनगरांच्या टोळ्यांतले सरदार पाय देतात. इस्राएली ऐकणाऱ्याला हे दृश्य फार मोठे वाटले असणार.

आता पहिला प्रश्न. १२व्या अध्यायाची यादी कशाची आहे, ते नीट पाहा. प्रत्येक ओळीत एक राजा आणि शेवटी 'एक': यरीहोचा राजा एक, आयचा राजा एक, यरुशलेमाचा राजा एक. यहुदी लेखनिक हिब्रू हस्तलिखितात ही यादी दोन सरळ रकान्यांत लिहितात. इतर गीते लिहिताना ओळी अशा मांडतात की विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवलेले असावेत. ही यादी आणि एस्तेरच्या पुस्तकातल्या हामान या यहुद्यांच्या शत्रूच्या दहा मुलांची यादी मात्र विटेवर वीट, सांध्यावर सांधा अशी मांडायची. अशी भिंत टिकत नाही. हे पुन्हा उभे राहू नयेत म्हणून ही मांडणी, असे तालमूद हा यहुदी गुरूंचा ग्रंथ सांगतो. (जुन्या ग्रीक भाषांतरात बेरीज २९ आहे, म्हणजे यादी हाताळताना प्राचीन काळीही नावे मागेपुढे झाली होती.)

ही पडलेल्या राजांची मोजदाद आहे. ताब्यात आलेल्या शहरांची ती नोंद नाही. दोन्हींत फरक आहे आणि तो पुस्तकच दाखवते. गेजेरचे उदाहरण घ्या. १०:३३ प्रमाणे गेजेरचा राजा होराम लाखीशच्या मदतीला आला आणि तिथे सैन्यासह मारला गेला. गेजेर शहर घेतल्याचे तिथे एका शब्दानेही म्हटलेले नाही. १६:१० मध्ये स्पष्टच आहे की एफ्राइमाने गेजेरातल्या कनान्यांना घालवले नाही. यादीत गेजेरचा राजा आहे, कारण राजा पडला. शहर राहिले. यरुशलेमाचेही तेच: राजा मक्केदाला मेला, पण १५:६३ म्हणते की तिथल्या यबूसी लोकांना यहूदा घालवू शकला नाही, आणि शहर हाती आले ते दावीदाच्या वेळी. यरुशलेम, गेजेर, तानख, मगिद्दो आणि दोर ही पाच नावे यहोशवा १२ मध्येही आहेत आणि शास्ते १ मधल्या न घालवलेल्यांच्या यादीतही आहेत. शिवाय यहोशवा १३:१ मध्ये, म्हणजे यादी संपल्यावर लगेच, देव यहोशवाला म्हणतो की अजून पुष्कळ देश ताब्यात घ्यायचा राहिला आहे. पुस्तकाला हे माहीत होते, त्याने ते लपवलेले नाही.

मग १०व्या आणि ११व्या अध्यायांतली 'कोणालाही जिवंत ठेवले नाही' ही भाषा? ही त्या काळच्या विजयलेखांची ठराविक भाषा आहे. इजिप्तचा मेर्नेप्ता इ.स.पू. १२०८च्या सुमारास शिलालेखात लिहितो की इस्राएल उजाड झाला, त्याचे बी उरले नाही. इजिप्तच्या लेखांतला इस्राएलाचा हा पहिला निर्विवाद उल्लेख, आणि तोच त्याच्या नाशाचा! मवाबचा राजा मेशा इ.स.पू. नवव्या शतकात लिहितो की इस्राएल कायमचा नष्ट झाला. अश्शूरचा पहिला तिग्लथ-पिलेसर ४२ देश आणि त्यांचे राजे जिंकल्याची बेरीज सांगतो. विजय असाच सांगायचा हे सगळ्यांना माहीत होते आणि ऐकणाऱ्यांनाही माहीत होते. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ७व्या अध्यायात कनान्यांचा समूळ नाश करा म्हटल्यावर पुढच्याच वचनात त्यांच्याशी सोयरीक करू नका असे सांगितले आहे. माणसे उरणार आहेत हे गृहीत धरल्याशिवाय सोयरिकीचा विषय निघत नाही. एवढ्याने या अध्यायांतला रक्तपात सौम्य होतो असे मी म्हणत नाही. तो प्रश्न गंभीर आहे आणि वेगळ्या उत्तराच्या लायकीचा आहे.

एका बारकाव्यावर विद्यार्थी नेहमी थबकतात. हेब्रोनचा राजा १०:२६ मध्ये मक्केदाला मारला जातो. मग १०:३७ मध्ये हेब्रोन घेतल्यावर 'त्याच्या राजाला' पुन्हा मारतात. कोणी म्हणेल तेवढ्यात नवा राजा गादीवर बसवला. मला त्यापेक्षा हे साधे वाटते की शहरामागून शहर सांगताना लेखकाने एकच साचा वापरला आहे: शहर घेतले, राजा मारला, कोणी उरले नाही. त्या साच्यात राजा आपोआप आला.

याबीनाचा गुंता याहून मोठा आहे. यहोशवा ११ मध्ये हासोरचा याबीन मादोनच्या योबाबाला आणि शिम्रोन, अक्षाफच्या राजांना जमवून मेरोमच्या पाण्यापाशी येतो. इस्राएल घोड्यांच्या पायांच्या शिरा तोडतो, रथ जाळतो, हासोर जाळतो. टेकाडांवरच्या शहरांपैकी फक्त हासोर जाळले असे ११:१३ आवर्जून सांगते, आणि ११:१० म्हणते की पूर्वी हासोर त्या सर्व राज्यांत मुख्य होते.

हे वर्णन उत्खननाशी फार चांगले जुळते. हासोर गालील समुद्राच्या उत्तरेला आहे. पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी १९५५ ते १९५८ आणि पुन्हा १९६८ मध्ये तिथे खणले, १९९० पासून अम्नोन बेन-तोर यांनी. वरचे आणि खालचे शहर मिळून सुमारे २०० एकर. त्या काळच्या कनानात एवढे मोठे दुसरे शहर नाही. इतर शहरांच्या प्रमुखांना अमार्नाच्या पत्रांत साधारणपणे 'अमक्या गावचा माणूस' म्हणतात, पण हासोरचा अब्दी-तिर्शी फारोलाच लिहिताना स्वतःला राजा म्हणवतो. आणि इ.स.पू. तेराव्या शतकात हे शहर भयानक आगीत संपले. राजवाड्याच्या मातीच्या विटा उष्णतेने वितळल्या. देवांच्या आणि राजांच्या मूर्तींची मुंडकी आणि हात मुद्दाम तोडलेले सापडले. हे कोणी केले यावर खणणाऱ्यांतच मतभेद झाले. बेन-तोर यांच्या मते इस्राएलाने, तर त्यांच्या सहकारी शारोन झुकरमन यांच्या मते आतून पोखरलेल्या शहराच्या लोकांनीच उठाव केला. मला बेन-तोर यांचा तर्क अधिक पटतो, कारण इजिप्तचा मांडलिक सैनिक इजिप्तच्या राजांच्या मूर्ती फोडायला धजणार नाही आणि तिथे त्याही फोडलेल्या आहेत. पण उठावाची शक्यता मी पूर्ण सोडून देत नाही. सोरच्या राजाने अमार्नाच्या एका पत्रात तक्रार केली आहे की हासोरचा राजा आपले घर सोडून हापिरूंना जाऊन मिळाला. त्या शहरात असे काहीतरी आधीपासून धुमसत होते.

आगीनंतर हासोर कनानी शहर म्हणून पुन्हा उभे राहिले नाही. काही काळाने तिथे साधी वस्ती झाली. मग शास्ते ४ मधला, ९०० लोखंडी रथांच्या जोरावर इस्राएलाला २० वर्षे छळणारा 'कनानाचा राजा याबीन' कुठून आला? एक उत्तर असे देतात की याबीन हे हासोरच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ठेवले जाणारे नाव होते. याला थोडा आधार आहे. सिरियातल्या मारी या प्राचीन शहरातल्या इ.स.पू. अठराव्या शतकातल्या पत्रांत हासोरचा राजा इब्नी-अद्दू आहे, आणि त्या नावाचा पहिला भाग याबीनाशी जुळतो. पण घराण्याचे नाव एक असले तरी जळालेल्या शहरातून ९०० रथ निघत नाहीत.

म्हणून मी शास्ते ४ आणि ५ शेजारी ठेवून वाचायला सांगते. ४ ही गद्य कथा, ५ हे दबोराचे गीत, आणि गीत पुष्कळ जुने आहे. गीतात याबीनाचे नावच नाही. तिथे 'कनानाचे राजे' तानख इथे, मगिद्दोच्या पाण्यापाशी लढतात, आणि त्यांच्या बाजूला आहे सीसरा, जो गद्यात याबीनाचा सेनापती आहे. गद्यातही याबीन एकदाही रणांगणावर येत नाही, सगळे सीसराच करतो आणि तो हासोरात राहतही नाही, हरोशेथ-हगोयीमात राहतो. माझे मत असे की मूळ लढाई मगिद्दोच्या मैदानातल्या शहरांशी झाली. उत्तरेतली कनानी सत्ता म्हणजे हासोर, आणि हासोरचा राजा म्हणजे याबीन, ही आठवण इतकी पक्की होती की सांगणाऱ्यांनी सीसराला त्याचा सेनापती केले. काही श्रद्धावान अभ्यासक दोन याबीन मानतात आणि त्यांच्याशी माझे भांडण नाही. फक्त त्यांनी त्या आगीचा हिशेब द्यायला हवा.

९०० रथांचा आकडाही हवेतला वाटत नाही. थुटमोसने मगिद्दोला लुटलेल्या रथांची नोंद ९२४ आहे. रथ मैदानात चालतो, डोंगरात नाही, आणि यहूदाला खोऱ्यातल्या लोकांना घालवता आले नाही ते लोखंडी रथांमुळे, हे शास्ते १:१९ सांगते. ताबोर डोंगरावरून उतरलेले इस्राएली सरदार बाराकाचे लोक आणि पुराने फुगलेली किशोन नदी, एवढे जुळून आले तेव्हाच रथ चिखलात निकामी झाले. बाकी काम याएल नावाच्या बाईने, तंबूत आसऱ्याला आलेल्या सीसराच्या डोक्यात मेख ठोकून, केले.

त्या गीताच्या शेवटासारखा शेवट मला सगळ्या जुन्या करारात फार थोड्या ठिकाणी सापडतो. सीसराची आई खिडकीच्या जाळीतून बाहेर पाहते आहे. त्याचा रथ यायला इतका वेळ का? तिच्या शहाण्या बायका सांगतात की लूट वाटत असतील, प्रत्येकाला एक-दोन मुली, रंगीत भरजरी वस्त्रे. शत्रूच्या घरातली बाई, तिची काळजी, आणि त्या काळजीतच दुसऱ्यांच्या मुलींबद्दलचा तो निर्दय शब्द, हे सगळे इस्राएलाने गीतात जपून ठेवले. कनानी राजा अदोनी-बेजेकाचेही तसेच. शास्ते १ मध्ये त्याच्या हातापायांचे अंगठे तोडतात, म्हणजे धनुष्य धरता येऊ नये, पाय रोवून लढता येऊ नये. तो स्वतः म्हणतो की अंगठे तोडलेले ७० राजे माझ्या मेजाखालचे तुकडे वेचत होते, मी केले तसे देवाने माझे केले. कनानी राजाच्या तोंडी एवढा सरळ कबुलीजबाब मला दुसरीकडे आठवत नाही.

यार्देनेच्या पूर्वेकडचे राजे सीहोन आणि ओग यांना ग्रंथ अमोरी म्हणतो. ते या ३१ मध्ये मोजलेले नाहीत. ओगाच्या नऊ हात लांब लोखंडी पलंगाबद्दल प्रत्येक वर्गात विचारतात, पण त्यावरून त्याची उंची काढत बसण्यात अर्थ नाही.

प्रत्येक ठिकाणी मात्र उत्खनन हासोरसारखी साथ देत नाही आणि ते लपवू नये. यरीहोत पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ मध्ये खणले. तिथले तटबंदीचे मोठे शहर इ.स.पू. १५५०च्या सुमारास पडलेले निघाले आणि तेराव्या शतकातले फारच थोडे सापडले. आय म्हणून ओळखले जाणारे एत-तेल त्या काळात ओसाड होते. अरादमध्येही त्या काळची वस्ती मिळालेली नाही. लाखीशचे कनानी शहर जळले ते इ.स.पू. ११३०च्या आसपास, कारण त्या थरात तिसऱ्या रामसेसचे नाव असलेली कांस्याची वस्तू मिळाली. म्हणजे हासोर आणि लाखीश यांच्या आगींत शंभरएक वर्षांचे अंतर. एकाच सेनापतीने एकाच मोहिमेत दोन्ही जाळली असे म्हणता येत नाही. ३१ राजांच्या यादीत अनेक पिढ्यांच्या लढाया एका नावाखाली गोळा झाल्या आहेत असे मी समजते. आणि शखेम यादीत नाही, तरी यहोशवा २४ मध्ये सगळे इस्राएल तिथेच जमते. लबायूच्या त्या शहराशी लढाई झालीच नाही, बहुधा काही समझोता झाला.

तुम्ही अभ्यासवर्ग घेणार असाल तर ३१ नावे वहीत एकाखाली एक लिहा. समोर तीन रकाने करा: राजा पडला का, शहर घेतल्याचे वचन आहे का, नंतर तिथे कनानी दिसतात का. गेजेरपासून सुरुवात करा, कारण त्याची गोष्ट १ राजे ९:१६ पर्यंत जाते. तिथे फारो गेजेर घेतो, जाळतो, तिथल्या कनान्यांना मारतो आणि शलमोनाला दिलेल्या आपल्या मुलीला ते शहर आंदण देतो. यहोशवाच्या पुस्तकात इजिप्तचे सैन्य कुठेच दिसत नाही, इथे मात्र तो जुना मालक आपल्या शहरात परत येतो.